चार नंबरचा दगड

आधी मला एक सांगा. अनोळखी रस्ता आहे. एका बाजूला मैलाचा दगड आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी बाई. दगड सांगतो ते वेगळं, म्हातारी सांगते ते वेगळं. तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल?

दगडावर? का रे? दगडाला काय पडलंय खोटं बोलायला, असंच ना? छान. शटर अर्धं ओढून घ्या आणि बसा जरा पुढं सरकून. ज्याची गोष्ट सांगतोय तोही तुमच्याइतकाच शहाणा होता.

आपल्याकडं खिळे, तारा, रंग न्यायला यायचा तो. नकाशेवाला. सरकारी नोकरी नाही, मोठी पदवी नाही, पण जुना फाटका नकाशा हातात द्या, तो आजच्या नकाशावर असा बसवून द्यायचा की शिंप्यानं अस्तर बसवावं. कॉम्प्युटरवर काम. दोन्ही नकाशांत सापडतील अशा जागा शोधायच्या, विहीर, पूल, टेकडीचा माथा, आणि तिथं टाचणी मारायची. तो टाचणीच म्हणायचा. पुरेशा टाचण्या मारल्या की जुना नकाशा ताणला जाऊन नव्यावर चपखल बसतो. जमिनीच्या भांडणात लोक त्याच्याकडं यायचे. हरलेला बाहेर पडताना शिव्या द्यायचा आणि जिंकलेला पेढ्याऐवजी आश्वासनं द्यायचा, पण काम चोख, यावर दोघांचंही एकमत.

तर नगरपालिकेच्या तळमजल्यावर युद्धाचं दालन करायचं ठरलं. आपल्या नदीकाठची ती लढाई, सत्तर वर्षांपूर्वीची. समितीचे अध्यक्ष म्हणजे कर्नल. हसू नका, सगळं गाव त्यांना कर्नलच म्हणतं. लष्कराशी संबंध म्हणाल तर लिलावात घेतलेल्या घोंगडीपुरता. पण मिशा, छडी, बोलण्यातला दरारा, सगळं तयार. त्यांचे वडील लढाईच्या वेळी गावच्या संरक्षण समितीचे प्रमुख होते. दालनाला त्यांचंच नाव द्यायचं होतं.

दालनाच्या मधोमध जेवणाच्या टेबलाएवढी काच. तिच्यावर बोट ठेवलं की लढाई सुरू. तारीख सरकवा, शत्रूच्या होड्या नदी ओलांडतात. आपल्या तोफांचे निळे बाण सुटतात. खालची पट्टी ओढली की आजची शेतं विरघळतात आणि पलटणीचा जुना नकाशा वर येतो. कुठल्याही ठिपक्याला हात लावा, चौकट उघडते आणि माहिती वाचता येते. पोरंटोरं वेडी होतील असं काम होतं, आणि ते नकाशेवाल्यानं एकट्यानं केलं होतं.

चौकटींतला मजकूर मात्र समितीचा. कर्नल लिहून द्यायचे, हा टाइप करायचा. त्यातली एक चौकट अशी: ‘नावाड्यांच्या वस्तीतून कंदिलाची खूण झाल्याने शत्रूच्या तोफांनी वस्ती उद्ध्वस्त केली.’

आता ऐका. तो कंदील दाखवणारा म्हणून ज्या नावाड्याचं नाव गावानं सत्तर वर्षं घेतलं, त्याची मुलगी म्हणजे नकाशेवाल्याची सासू. त्या रात्री ती आजोळी होती म्हणून वाचली. शाळेत तिला कुणी नावानं हाक मारली नाही. कंदीलवाल्याची पोर. लग्न जुळताना तेच, नळावर भांडण झालं की तेच. बाई तोंडाची फटकळ होती, पण त्या एका शब्दापुढं गप्प व्हायची. आणि जावयानं ती चौकट टाइप केली. का? तर म्हणे, मजकूर समितीचा, आपलं काम टाचण्या मारायचं.

राग येतो ना? मलाही येतो. माणसं खोटेपणा करत नाहीत हो बऱ्याचदा. नुसती टाइप करतात.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री सासूबाई त्याच्या खोलीत आल्या. पडद्यावर नकाशा होता.

“जावईबापू, माझं घर दाखवा.”

“सासूबाई, पलटणीच्या नकाशात वस्ती नाहीच. त्यांनी रस्ता काढला, पूल काढला, मैलाचे दगड काढले. वस्ती नाही काढली.”

“का बरं? आम्ही काय हवेत राहत होतो?”

“कच्ची घरं होती ना...”

“माणसं पक्की होती.” त्यांनी खुर्ची ओढली. “आजचा नकाशा लावा. मी दाखवते.”

त्यानं उपग्रहाचं चित्र लावलं. बाईंनी चष्मा पुसला, नदीवरून बोट फिरवत आणलं आणि रस्ता आणि काठ यांच्यामधल्या एका मोकळ्या पडीक तुकड्यावर ठेवलं. जराही न अडखळता.

“इथं. दारात उभं राहिलं की पूल डाव्या हाताला. आणि समोर रस्त्यावर चार नंबरचा दगड. त्याच्यावर बसून मी बापाची वाट बघायचे. चारचा आकडा मी बोटानं गिरवून तिथंच शिकले.”

नकाशेवाला हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. “तिथं दगड नाही. चार नंबरचा दगड चांगला अर्धा मैल पुढं आहे, नदीच्या वरच्या अंगाला. म्हणजे एकतर घर तिथं नव्हतं, नाहीतर दगड समोर नव्हता.”

“दोन्ही होतं.”

“अहो, दगड चालत जात नाही. तुमची आठवण सत्तर वर्षं जुनी आहे.”

“आणि तुमचा दगड काल जन्मला का?” बाई कडाडल्या. “माझा बाप फितूर ठरवलात, आता घरही उचलून दुसरीकडं ठेवा! नाहीतर नदीतच टाका ना, तुमच्या कर्नलला बरं!”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, “एकदा तरी आईचं ऐकायचंत.” दार आपटून दोघी आत गेल्या.

त्याला राग आला. स्वतःच्या कामाचा अभिमान असलेल्या माणसाला येतो तसा, आणि आतून थोडं खुपत असलं की आणखी येतो तसा. कारण खुपत होतंच. नकाशा बसवताना जुन्या पुलाच्या पायाची टाचणी आणि चार नंबरच्या दगडाची टाचणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एक बसवली की दुसरी सुटायची. मग त्यानं पुलाची टाचणी काढून टाकली. पूल पडला, पुन्हा बांधला, जागा थोडी सरकली असेल. दगड मात्र पहिल्यापासूनचा. दगडावर विश्वास ठेवला. तुमच्यासारखाच.

दगडाचा एक चांगला फोटो चौकटीत टाकायचा राहिला होता. तेवढंच निमित्त झालं. घरात तोंड दाखवायला नको म्हणून स्कूटर काढली आणि निघाला. डिसेंबरातला शेवटचा गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा.

वेशीजवळच्या जुन्या, जकातीच्या चुंगी नाक्यावरून मैल मोजायला सुरुवात व्हायची. तिथं त्यानं सवयीनं स्कूटरचा आकडा बघून ठेवला. थंडी कोरडी. रस्ता मोकळा, डावीकडं शेतं, उजवीकडं नदी. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत काम. साडेसहा झाले. दगड नाही. सासूबाईंनी बोट ठेवलेला पडीक तुकडा उजव्या हाताला मागं गेला. सात झाले. मग दिव्याच्या उजेडात दगड दिसला. पांढरा, कमरेएवढा, कोरलेला आकडा चार.

त्यानं पुन्हा आकडा बघितला. मैल-किलोमीटरच्या हिशेबात काही घोळ झाला असेल असं म्हणाला. मनाशीच म्हणाला, पण मोठ्यानं.

सत्तर वर्षं हा रस्ता वाहतोय. ट्रक गेले, वराती गेल्या, मंत्री गेले. दगडावर चार लिहिलंय ते खरंच चार आहेत का, हे एकानंही मोजलं नव्हतं. एकानंही.

त्यानं स्कूटर बंद केली. फोटो काढला. फ्लॅशचा उजेड पडला आणि विझला. विझताना दगडाच्या पलीकडं कुणीतरी वाकलेलं दिसलं.

“कोण आहे?”

दम लागल्यासारखा श्वास. आणि माती उकरल्याचा आवाज.

त्यानं फोनचा दिवा लावला. एक माणूस होता. दोन्ही हात दगडाला घातलेले. गुडघ्यापर्यंत भिजलेला. नदी बरीच खाली, पाणी आटलेलं, तरी भिजलेला. तो दगड उपटायला बघत होता. सगळ्या अंगानिशी.

“अहो... काय चाललंय?”

“धर.”

“काय?”

“त्या बाजूनं धर. हा इथला नाही.”

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. तरुण होता. संतापानं फाटलेला.

“इथला नाही म्हणजे?”

“आम्हीच आणला.” माणूस उचलत राहिला. “चौघांनी. प्रमुख म्हणाले, हलवा. शत्रूजवळ रस्त्याचा नकाशा आहे, फसेल तो. रात्रीतून हलवा. हलवला.”

“...मग?”

“मग म्हणाले, तोफवाल्यांना मी कळवतो.”

“कळवलं?”

माणसानं दगड सोडला. सरळ झाला. चेहरा दिव्यात यायला हवा होता. आला नाही. दिवा तिथपर्यंत पोचत होता आणि... तिथं संपत होता.

“होड्या इथं लागल्या. टेहळणीवाला या दगडाशी बसलेला. फोनवर म्हणाला, चार नंबरच्या समोर, काठावर मारा. तोफवाल्यांनी नकाशा बघितला. नकाशात चार नंबर कुठं?”

नकाशेवाल्याला उत्तर येत होतं. जगात त्या क्षणी त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

“कुठं?”

“अर्धा मैल... मागं.”

“तिथं कोण?”

त्यानं फोनमधला नकाशा उघडला.

“नकाशात कोण होतं तिथं?”

“कुणी नाही,” तो कसाबसा म्हणाला. “नकाशात कुणीच नव्हतं.”

नदीकडून वारा आला. त्याला मातीचा नाही, जळल्याचा वास.

“कंदील कुणी दाखवला म्हणे?”

“मला... मजकूर दिला होता...”

“रॉकेल कुठलं?” माणूस एक पाऊल पुढं आला. “डबा न् डबा पलटणीनं नेलेला. महिनाभर अंधारात जेवलो. पोराचं तोंड चाचपून घास भरवला. कंदील होता. कोरडा. रॉकेल कुठलं? बोल!”

“मी फक्त टाइप...”

“बोट कुणाचं?”

तो मागं सरकला. स्कूटरला धडकला. त्यानं हातातल्या फोनकडं बघितलं. नकाशा उघडा होता. आपण कुठं आहोत ते दाखवणारा निळा ठिपका. तो दगडापाशी नव्हता. अर्धा मैल मागं होता. पडीक तुकड्यावर. बरोब्बर सासूबाईंनी बोट ठेवलं होतं तिथं.

आणि तो फिरत होता.

थोडं जायचा. थांबायचा. थोडं जायचा. थांबायचा. एखाद्या माणसानं घराघरात डोकवावं तसा.

“मागं घे,” आवाज अगदी कानाशी. आता ओरडा नाही. त्याहून वाईट. “दगड नाही उचलत तुला. नकाशा मागं घे.”

“घेतो...”

त्यानं डोळे मिटले.

“घेतो. आत्ता घेतो. ऐकलंत का?”

कुणी नव्हतं. दगड होता. बाजूची माती कोरडी, एक खडासुद्धा हललेला नाही.

घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही. पहाटेपर्यंत पडद्यासमोर बसला. दगडाची टाचणी उपटली, पुलाची परत मारली. एका झटक्यात जुना नकाशा सरकला आणि असा बसला, असा बसला की कुठं सुरकुती राहिली नाही. रस्ता रस्त्यावर, टेकडी टेकडीवर. मग त्यानं आपल्या तोफांचा निळा बाण जुन्या नकाशातल्या चार नंबरच्या समोर, काठावर नेला. म्हणजे जिथं नेम धरला होता तिथंच. बाण पडीक तुकड्यावर पडला.

त्यानं चौकट उघडली. स्वतःच टाइप केलेली ओळ खोडली. नवी लिहिली. सही म्हणून खाली स्वतःचं नाव टाकलं, जे आजवर त्यानं कुठल्याही नकाशावर टाकलं नव्हतं. मग सासूबाईंच्या दाराशी गेला. बाई जाग्याच होत्या.

“आवरा,” म्हणाला. “उद्घाटनाला यायचंय तुम्हाला. माझ्याबरोबर. पुढच्या रांगेत.”

सकाळी सातलाच दालन गच्च भरलेलं. हार, फोटोवाले, शाळेची पोरं. कर्नलनी फीत कापली, भाषण केलं, वडिलांच्या फोटोला हार घातला आणि बोट काचेवर ठेवलं. होड्या निघाल्या. टाळ्या. निळा बाण सुटला आणि होड्यांपासून अर्धा मैल लांब जाऊन पडला. चौकट आपोआप उघडली. सगळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरांत: ‘वस्ती आपल्याच तोफांनी उद्ध्वस्त झाली. कंदील पेटलाच नव्हता.’

टाळ्या एकेक करत थांबल्या.

“काय चाळे आहेत हे?” कर्नल पांढरे पडले. “हे मी दिलेलं नाही!”

“नाही. मी लिहिलंय.”

“बंद कर ते! तुझं बिल विसर. या गावात पुन्हा कुणी काम देणार नाही तुला!”

“नका देऊ. पण चार नंबरचा दगड हललेला आहे आणि तुमच्या वडिलांनी तो हलवून घेतला. तोफांना सांगायचं मात्र राहून गेलं.”

“पुरावा? कुणी सांगितलं तुला, भुतानं?”

दालनात दोघेतिघे हसले. नकाशेवाला हसला नाही.

“भुताचं सोडा. बाहेर पन्नास गाड्या उभ्या आहेत. प्रत्येकीला आकडा मोजायचं यंत्र आहे. चुंगी नाक्यावरून निघा, चार मैल मोजा, आणि जिथं मैल संपतो तिथं दगड दिसला तर मला येऊन जोडा मारा.”

“माझ्या वडिलांनी हे गाव वाचवलं!”

तेव्हा सासूबाई उठल्या. काठी टेकत काचेपर्यंत आल्या. आयुष्यात पहिल्यांदा कंदिलाच्या गोष्टीपुढं त्या गप्प राहिल्या नाहीत.

“वाचवलं असेल. आम्ही कुठं नाही म्हणतो? चूक झाली असेल, लढाईत होते. पण सकाळी उठून मेलेल्यांच्या हातात कंदील कुणी दिला रे? माझ्या बापाच्या हातात? चूक एका रात्रीची होती. हे सत्तर वर्षांचं आहे!”

कर्नल काच झाकायला पुढं झाले. छडी खाली पडली ती कुणी उचलून दिली नाही.

पुढं काय झालं ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक स्कूटर निघाली. मागं दुसरी. मग मोटारी, सायकली, शाळेची बससुद्धा. आकडा मोजत सगळी वरात रस्त्यानं निघाली. चार मैल भरले तिथं सगळे थांबले. दगड नव्हता. उजव्या हाताला पडीक तुकडा होता, आणि सगळे तिकडं वळले.

दव पडलेलं. गवत चंदेरी. आणि त्या गवतावर, रस्त्यापासून काठापर्यंत, पांढऱ्या फक्कीच्या रेघा. घर बांधण्याआधी पाया आखतात ना, तशा. एकेक खोली आखलेली. एकेक घर. त्यांच्यामधून गल्ली, गल्लीच्या टोकाला विहिरीचा गोल. सगळी वस्ती. जमिनीवर, जेवढ्यास तेवढी. प्रत्येक घराला दाराएवढी फट सोडलेली. दवावर पाऊल नाही. एकही नाही. आत गेल्याचं नाही, बाहेर आल्याचं नाही.

तरणी पोरं रेघा ओलांडायला गेली तशा सासूबाई खेकसल्या, “भिंतीतून जाता का रे? दारातून या!”

मग त्या गल्लीतून चालत गेल्या. काठी नाही अडखळली, मान नाही वळली. तिसऱ्या वळणाच्या घराशी थांबल्या. चपला फटीबाहेर काढल्या. आत जाऊन दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि डावीकडं बघितलं. डाव्या हाताला पूल होता.

कुणी आखली म्हणता? मी काय सांगू. एवढ्या रेघांना फक्कीची ट्रकभर पोती लागतील. आणि पंचक्रोशीत फक्की ठेवणारं दुकान एकच, ज्याच्या पायरीवर तुम्ही बसला आहात. मी त्याच दुपारी गोदाम उघडून पोती तपासली. सगळ्यांची शिवण शाबूत होती. त्या जागेवर पुढं कितीदा गवत वाढलं, पाऊस झाला. रेघांवर अजून पातं उगवत नाही. जाऊन बघा. पण दिवसा जा, आणि दारातून जा.

चला, उशीर झाला. उद्यापासून या गल्ल्यावर तुम्ही बसणार. पैसा चुकला तर चुकू दे, भरून काढता येतो. पण चूक आपली आणि नावावर दुसऱ्याच्या, असं एकदाही करू नका रे बाबांनो. हिशेब चोख ठेवा. जिवंतांचा ठेवा, आणि जे विचारायला येऊ शकत नाहीत असं आपल्याला वाटतं, त्यांचा आधी ठेवा.